शुद्धिपत्र

पान पाच चुकलं आहे.
पहिल्या चाळीस प्रतींपैकी एखादी तुमच्या हाती आली असेल,
तर तिच्यात नदी डावीकडे वळते.
तसं नाही.

आमच्या शहराचं नाव वूच. म्हणजे होडी.
शिक्क्यावर होडी, गटाराच्या झाकणावर होडी,
आणि पाणी बादलीत असेल तेवढंच.
नद्या होत्या. गिरण्या आल्या,
थानाचा रंग तो नदीचा रंग,
आज शेंदरी, उद्या गडद निळी,
मग वास सुटला म्हणून नळात घातल्या
आणि वरून रस्ते अंथरले.
शाळेच्या पुस्तकात ही एक ओळ होती.
त्या ओळीवरून मी अकरा वर्षं कामाला गेले,
ट्रामच्या पासांवर शिक्के मारायला.

मार्चमध्ये कोर्नेलने त्याचा जुना कॅमेरा दिला.
म्हणाला, याच्यात उजेड झिरपतो थोडा,
सांभाळून घे.
रविवारी मी निघाले,
जिथे जिथे पाणी मुरतंय असा वहीम आला
तिथून तिथे, पायी.

कुणी न लावलेला वाळुंज, मोटारींच्या तळावर.
तीनदा रंगवूनही गुडघ्याएवढी ओली राहिलेली भिंत.
मधोमध खचलेली गॅरेजांची रांग,
जुन्या खाटेसारखी.
चौदा नंबरचं घर, मग एकदम अठरा,
सोळाच्या जागी नुसती मोकळी हवा
आणि तिच्यात वाळत घातलेली एक चादर.
एक झाकण, ज्यावर बर्फ टिकत नाही.
त्यावर मांजर. तिला सगळं ठाऊक असावं.

एक कागद, तीन घड्या, मधे एक चीर,
झाली आठ पानं.
बोझिदारच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन
काळं जरा जास्तच ओकतं,
त्यामुळे वाळुंज जळाल्यासारखा दिसतो, माफ करा.
प्रती ठेवल्या दंतवैद्याकडे, खानावळीत,
जिन्यांतल्या कोमट रेडिएटरांवर.
मागे पेन्सिलीने माझा फोन नंबर, चाळीस वेळा.

एकच फोन आला.
"तुमचं पान पाच खोटं बोलतंय."

लेओकादियाबाई. एकतीस वर्षं सूतगिरणीत.
उजवा कान मशीनने खाल्ला.
डावा उरलाय, तो उशीला लावून झोपते.
"मला विचारायचंत ना. ती उजवीकडे वळते,
माझ्या स्वयंपाकघराखालून जाते.
पावसाळी रात्री भांडी घासल्यासारखी वाजते."

तळघरात नेलं तिने मला.
बटाटे, एक घसरगाडी, काकड्यांच्या बरण्या,
त्यांवर तिच्या अक्षरात सालं.
चपलेने फरशीवर ठोकलं: इथे.
मी आडवी झाले, कानोसा घेतला.
आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग काहीतरी आलं.
शपथ मात्र घेणार नाही.
ती वरून विचारत होती, "आली का? आली का?"
पाहुणी यायची असावी तसं.

फोटो काढला. सगळा काळा आला.
बोझिदार म्हणाला, या एका पानाला
अख्ख्या महिन्याची शाई जाईल.
गेली.

तर नव्या प्रतीतलं काळं पान पाच
ही छपाईची चूक नाही, परत आणू नका.
बोटांना लागेल, लागू द्या.
खाली कोपऱ्यात पांढरा ठिपका आहे
तो बाईंच्या चपलेवरचा लोकरीचा गोंडा,
नदी त्याच्या डाव्या हाताला. म्हणजे तुमच्या उजव्या.

जुनी प्रत असेल तर टाकू नका.
तिथपर्यंत चालत जा, गॅरेजांपाशी उभे राहा,
आणि आपल्या पेनने वळवा तिला.

पान सातबद्दलही बाईंना शंका आहे.
गुरुवारी बोलावलंय.